दूरदर्शनवरील मुलाखत व शेतकऱ्याची पूर्वतयारी

शेतकऱ्यास पूर्वीं बोलावणें येई तें कचेरीचें, सावकाराचें किंवा सोयऱ्याचें. हल्लीं त्यांत दूरदर्शनच्या बोलावण्याची भर पडली आहे. धानाची नवी जात लावणारा एखादा कुणबी, ग्रामसभेमार्फत बांबूचा व्यवहार पाहणारा गांवकरी, मोहफुलांस बरा भाव मिळवून देणाऱ्या बचत गटाची अध्यक्षीण, यांपैकीं कोणाच्या तरी दारीं एके दिवशीं कॅमेरा घेऊन चार माणसें येतात, अर्धा तास प्रश्न विचारतात आणि निघून जातात. मागाहून स्वतःचें बोलणें पडद्यावर पाहून तो गृहस्थ म्हणतो, "सांगावयाचें होतें तेंच राहून गेलें." अशा तऱ्हेचे उद्गार आमच्या कानीं इतक्या वेळां आले आहेत कीं, या विषयाचें थोडें सविस्तर विवेचन करणें आम्हांस अवश्य वाटलें. उदाहरणें शक्य तों आपल्याच रानांतलीं घेतलीं आहेत, व त्यांत हेमलकशाचें उदाहरण मुख्य आहे.

आपल्या देशांत दूरदर्शनचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांकरितां 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे या यंत्राच्या बाल्यावस्थेंतच शेतकऱ्याची आठवण झाली होती. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें व त्यावरील 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम पुढें खेडोपाडीं परिचयाचा झाला. २६ मे २०१५ रोजीं केवळ शेतीकरितां 'डीडी किसान' ही निराळी वाहिनी निघाली. हा इतिहास येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, शेतकऱ्याची मुलाखत ही करमणुकीची बाब नाहीं. पडद्यावर एका शेतकऱ्यानें सांगितलेलें प्रमाण दुसरा शेतकरी दुसऱ्याच दिवशीं आपल्या बांधींत वापरून पाहतो. छापील मजकूर दोनदां वाचतां येतो, शेजाऱ्यास दाखवितां येतो. पडद्यावरचें वाक्य कानावरून जातें आणि अर्धेंच लक्षांत राहतें. आतां तेंच चित्रण मोबाइलवरून गांवोगांव फिरतें हें खरें. परंतु त्यांत एखादी चूक असेल तर तीही त्याबरोबर फिरते.

बोलावणें आलें कीं आपण सहसा विचारतों, "केव्हां येणार ?" वास्तविक पहिला प्रश्न "कशासाठीं येणार ?" हा असला पाहिजे. कार्यक्रम कोणता, विषय नेमका कोणता, बोलणें मराठींत करावयाचें कीं हिंदींत, आपल्याशिवाय आणखी कोण बोलणार आहे, आणि मुख्य म्हणजे बोलणें त्याच क्षणीं दाखविलें जाणार कीं मुद्रित करून मागाहून, एवढें तरी आधीं समजून घ्यावें. हें विचारण्यांत संकोच मुळींच नको. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. येथें तर आपलें नांव चारचौघांच्या नव्हे, लाखांच्या दृष्टीस पडावयाचें असतें.

मुद्रित मुलाखतीची एक खोड पुष्कळांस ठाऊक नसते. अर्धा तास बोलणें घेतलें तरी दाखविलीं जातात तीं चार-पांच मिनिटें, आणि त्यांतही प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुधा कापून टाकलेला असतो. "रोवणी केव्हां केली ?" या प्रश्नास "जुलैच्या पहिल्या आठवड्यांत" असें उत्तर दिलें तर प्रश्न कापल्यावर तें निराधार लोंबकळत राहतें. "आम्हीं धानाची रोवणी जुलैच्या पहिल्या आठवड्यांत, पऱ्हे एकवीस दिवसांचे झाल्यावर केली" असें संपूर्ण वाक्य बोलल्यास तें कोठेंही जोडलें तरी आपला अर्थ सोडीत नाहीं. बोलतांना शब्द अडखळला तर थांबून "पुन्हां सांगतों" असें खुशाल म्हणावें. मुद्रणांत त्याची सोय असते. थेट प्रक्षेपणांत ती नसते, म्हणून तेथें सावकाश बोलणें हाच उपाय.

आतां हेमलकशाकडे वळूं. भामरागड तालुक्यांतील हें ठिकाण आलापल्लीपासून सुमारें ६० किलोमीटर आंत, रानांत आहे. जवळच पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा संगम होतो, आणि पर्लकोटेच्या पुरानें पावसाळ्यांत भामरागडची वाट वर्षानुवर्षें बंद पडत आली आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या वेळीं हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना चालविला, १९७६ सालीं निवासी शाळा निघाली, आणि २००८ सालीं या उभयतांस रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हांपासून हेमलकशाकडे कॅमेऱ्यांची रीघ वाढली. २०१४ सालीं त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, आणि २०१८ सालीं 'कौन बनेगा करोडपती' या हिंदी कार्यक्रमाच्या 'कर्मवीर' नांवाच्या विशेष भागांत हें दांपत्य अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसलें व त्यांनीं २५ लाख रुपये जिंकले.

या उदाहरणापासून शेतकऱ्यानें घेण्याजोग्या गोष्टी निरनिराळ्या आहेत. त्यांतली पहिली पोशाखाची. माडिया लोकांच्या अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं हें पाहून डॉ. प्रकाश यांनीं पांढरी अर्धी विजार व बंडी हाच वेष पत्करला, आणि समारंभांतही तो टाकला नाहीं. तेव्हां मुलाखतीकरितां शहरांतून कोट उसना आणणाऱ्या आमच्या बंधूंस आम्ही इतकेंच म्हणूं कीं, ज्या वस्त्रांत तुम्हीं वखर धरला त्याच वस्त्रांत, धुवून स्वच्छ करून, बोलावयास बसा. यंत्राच्या दृष्टीनें मात्र दोन सूचना आहेत. अगदीं बारीक रेघांचें किंवा बारीक चौकड्यांचें कापड पडद्यावर लहरी मारल्यासारखें दिसतें, म्हणून तें टाळावें; आणि कडक उन्हांत शुभ्र पांढरें कापड इतकें चकाकतें कीं तोंड काळवंडतें, म्हणून पांढरें नेसणाऱ्यानें सावलींत बसावें. खळ दिलेल्या लुगड्याची सळसळ व हातांतल्या बांगड्यांची किणकिण ध्वनिग्राहकांत बोलण्याइतकीच मोठी ऐकूं येते, हेंही भगिनींनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हेमलकशास जाणाऱ्या कॅमेऱ्याचा डोळा प्रथम दवाखान्याकडे वळत नाहीं, बिबळ्याकडे वळतो. आमटे यांनीं अनाथ वन्य पशूंचा प्रतिपाळ केला आहे, आणि बिबळ्याशेजारीं उभा असलेला मनुष्य हें दृश्य कोणासही मोह घालील असें आहे. आपल्या शेतावरही असा एक बिबळ्या असतोच. कोठें वीस किलोंचा कोहळा असतो, कोठें उंचपुरी बैलजोडी असते. सारा वेळ त्यावरच खर्च होतो, आणि बांध घालून पाणी कसें अडविलें हें सांगावयाचें राहून जातें. यावर उपाय प्रश्न टाळणें हा नव्हे. विचारणाऱ्यास राग येतो व पाहणाऱ्याचाही विरस होतो. उपाय असा कीं, त्या मोहक वस्तूपासूनच आपल्या मुद्द्याकडे जाणारी वाट आधीं शोधून ठेवावी. हेमलकशास तीं पिल्लें पोरकीं होऊन आलीं कोठून ? रानांत शिकार होत असे म्हणून. शिकार कां होत असे ? पोटास अन्न नव्हतें म्हणून. या दोन पायऱ्यांत बिबळ्याचा प्रश्न भुकेच्या प्रश्नापर्यंत येऊन पोंचतो, आणि तेथून शेती, दवाखाना, शाळा यांविषयीं बोलणें सहज सुरू होतें. कोहळ्याचेंही तसेंच करावें : "हा एवढा वाढला, कारण या वेलाखालच्या मातींत आम्ही तीन वर्षें पालापाचोळा कुजवीत आहों."

तिसरी गोष्ट आमच्या वाचकांस थोडी झोंबेल. मॅगसेसे पुरस्कार दोघांस मिळून दिला गेला होता. मंदाकिनीबाई स्वतः डॉक्टर असून भूल देण्याच्या शास्त्रांत तज्ज्ञ आहेत. आपल्या घरीं काय घडतें ? पऱ्हे उपटणें, रोवणी करणें, निंदणें, बियाणें निवडून मडक्यांत राखणें, हीं कामें बहुतांशीं बायका करतात, आणि कॅमेरा आला कीं त्या मागील दारीं चहा करावयास जातात. पुढें बसलेला पुरुष रोवणीसंबंधीं विचारलें असतां गोंधळतो यांत नवल तें काय ! ज्यानें काम केलें त्यानें बोलावें, हा नियम मुलाखतीच्या आदल्या दिवशींच घरांत ठरवून टाकावा, आणि येणाऱ्या मंडळीसही तसें कळवावें. त्यांची यास ना नसते. बहुधा त्यांना कोणीं हें सुचविलेलेंच नसतें.

आणि भाषा. माडिया ही गोंडीच्या कुळांतली, म्हणजे द्राविडी गटांतली बोली आहे. मराठीशीं तिचें नातें नाहीं. ती शिकल्यावांचून हेमलकशाचा दवाखाना चालणें शक्य नव्हतें. ज्या शेतकऱ्यास मराठी अवघड जातें त्यानें मोडक्या मराठींत बोलण्याचा अट्टाहास करूं नये. आपल्या बोलींत बोलावें व दुभाषी मागावा. मात्र दुभाषी गांवांतला, त्या कामाची माहिती असलेला असावा, आणि त्यानें आदल्या दिवशीं सर्व विषय ऐकून घेतलेला असावा. शेतीचें ज्ञान नसलेला दुभाषी तीन वाक्यांचें एक करतो, आणि राहून जातें तें नेमकें प्रमाणच. मराठी बोलणाऱ्यांनाही या बाबतींत थोडी सावधगिरी हवी. आपण ज्यास बांधी म्हणतों त्यास कोंकणांत खाचर म्हणतात. आपले पऱ्हे तीं तिकडे रोपें, आपली रोवणी ती लावणी, आपला धुरा तो बांध. आपला शब्द सोडूं नये, कारण तोच आपल्या तोंडीं शोभतो. परंतु पहिल्या वेळीं "रोवणी, म्हणजे लावणी" असें जोडून बोलावें. रत्नागिरीच्या शेतकऱ्यास त्याचा उपयोग होईल.

आतां ज्या भागावर सर्वांत अधिक परिश्रम करावयास पाहिजेत त्याकडे येऊं. तो भाग म्हणजे आंकडे. मुलाखतींत "थोडें", "बरेंच", "मुठभर" हे शब्द निरुपयोगी होत. धानाच्या बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करावी हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु "थोडें मीठ घालावें" असें ऐकून कोणी चिमूटभर घालील व कोणी पायलीभर. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे शेंकडा तीन, असें सांगितलें पाहिजे. त्या पाण्यांत बीं ओतून ढवळावें, तरंगणारें पोचट बीं काढून टाकावें, तळाशीं बसलेलें बीं स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावें व सावलींत २४ तास वाळवावें. यांतील धुण्याची गोष्ट पुष्कळ जण सांगण्यास विसरतात, आणि मीठ लागलेलें बीं तसेंच पेरलें तर उगवण बिघडते. क्रम पुरा सांगावयाचा, किंवा तो विषयच काढावयाचा नाहीं.

उत्पन्नाचा आंकडा देतांना तर तीन ठिकाणीं पाय घसरण्याचा संभव असतो. एकर कीं हेक्टर, हें पहिलें. हेक्टर जवळजवळ अडीच एकरांचा. हेक्टरीं ४० क्विंटल म्हणजे एकरीं सुमारें १६ क्विंटल. नुसतें "चाळीस क्विंटल पिकलें" असें ऐकून एखाद्या एकरवाल्यानें त्या हिशेबावर कर्ज काढलें तर त्याचें पाप कोणाच्या माथीं ? दुसरें, धान कीं तांदूळ. क्विंटलभर धान गिरणींत घातल्यावर तांदूळ हातीं येतो तो सुमारें दोन तृतीयांश. तिसरें, माप. पोतें, कट्टा, खंडी हीं मापें गांवोगांव निराळीं; म्हणून तीं बोलून लगेच किलो किंवा क्विंटल सांगावेत. औषधाच्या बाबतींत दुकानांतलें नांव पुरें नाहीं. डब्यावर लिहिलेला मूळ घटक, त्याचें शेंकडा प्रमाण व दर १० लिटर पाण्यास किती, हीं तिन्हीं सांगावीं. लक्षांत राहत नसेल तर रिकामा डबा हाताशीं ठेवावा आणि त्यावरून वाचून दाखवावें. त्यांत कमीपणा नाहीं. वैद्यही पोथी पाहतो.

आंकडे स्मरणांतून येत नाहींत, ते वहींतून येतात. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत नांदेड म्हणून गांव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे फारसे शिकलेले नव्हते. शाळा तिसऱ्या इयत्तेंत सुटलेली. १९८३ सालीं 'पटेल ३' जातीच्या धानांत त्यांना निराळ्या रंगाच्या तीन लोंब्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या राखल्या, पुढील हंगामीं निराळ्या पेरल्या, आणि अशी निवड वर्षामागून वर्ष करीत राहिले. १९९० च्या सुमारास त्या बियाण्यास प्रसिद्ध घड्याळाच्या नांवावरून 'एचएमटी' हें नांव पडलें व तें दूरवर पसरलें. पुढें कृषि विद्यापीठानें १९९८ सालीं 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें वाण प्रसृत केलें, आणि मूळ श्रेय कोणाचें हा वाद दीर्घकाळ चालला. खोब्रागडे ३ जून २०१८ रोजीं निवर्तले. ही कथा जेथें जेथें सांगितली जाते तेथें तिला वजन येतें तें वर्षामुळें, मूळ जातीच्या नांवामुळें आणि तीन या आंकड्यामुळें. "फार वर्षांपूर्वीं कांहीं लोंब्या सांपडल्या" असें असतें तर ती कोणींही आपली म्हणून सांगितली असती. म्हणून ज्याच्या शेतांत कांहीं नवें घडत आहे त्यानें आजच तारीख घालून नोंद करावी, शक्य तर छायाचित्र काढून ठेवावें. मुलाखत दहा वर्षांनीं येईल. नोंद त्या वेळीं करतां येणार नाहीं.

काय बोलावयाचें याबरोबर काय बोलावयाचें नाहीं हेंही ठरलेलें असावें, आणि आपल्या या जिल्ह्यांत तर हें विशेषच. धानाविषयीं बोलतां बोलतां पाहुणा सहज विचारतो, "रात्रीं गांवांत कोण येतें ? पोलीस त्रास देतात कीं दुसरे ?" विचारणारा संध्याकाळीं नागपुरास परततो, उत्तर देणाऱ्यास त्याच गांवांत राहावयाचें असतें. "मी शेतीविषयीं बोलण्याचें कबूल केलें आहे, तेवढेंच बोलेन" हें एक वाक्य पाठ करून ठेवावें आणि कितीही वेळां प्रश्न आला तरी तेंच म्हणावें. मुद्रणापूर्वींच दोन साक्षीदारांदेखत हें स्पष्ट केलें तर अधिक चांगलें.

तसेंच चित्र घेण्यासंबंधीं. आदिवासी मनुष्य म्हटला कीं त्याचें उघडें अंग, त्याचें रोडकें मूल, त्याचा आजारी म्हातारा यांवर कॅमेरा रेंगाळतो, ही जुनी वाईट खोड आहे. आपल्या अंगणांत काय टिपावें व काय टिपूं नये हें सांगण्याचा अधिकार अंगणवाल्याचा आहे. परक्याच्या मुलाचें चित्र त्याच्या आईबापांस विचारल्याशिवाय घेऊं देऊं नये. आणि रोग्याचें तोंड दाखविण्यास, त्याची स्वतःची संमति नसेल तर, साफ नकार द्यावा. पाहुणा रुसला तरी चालेल.

मुलाखतीच्या दिवशींची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. वेळ सकाळीं नवाच्या आंत किंवा दुपारीं चार नंतरची मागावी. रानांत ऊन लवकर उतरतें, म्हणून फार उशीरही नको. सूर्य पाठीमागें असतां तोंडावर अंधार पडतो. मोटारपंप बंद ठेवावा, गिरणीवाल्यास अर्धा तास थांबण्यास सांगावें, आणि पाऊस असल्यास टिनाच्या छपराखालीं कदापि बसूं नये, एक अक्षर ऐकूं येणार नाहीं. गळ्याशीं अडकविलेल्या लहानग्या माइकास बोलतांना हात लावूं नये. दृष्टि प्रश्न विचारणाऱ्याकडे असावी. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा मनुष्य पडद्यावर दरडावल्यासारखा दिसतो. एकटा बसून मोबाइलवरून बोलावयाचें असेल तर मात्र उलट. तेथें कॅमेऱ्यालाच श्रोता समजावें, मोबाइल आडवा धरून स्थिर टेकवावा, आणि आपला शब्द पलीकडे पोंचण्यास क्षणभर लागतो म्हणून प्रश्न पुरता संपल्यावरच तोंड उघडावें.

तालीम जरूर करावी. शेजारच्या मुलास प्रश्न विचारावयास बसवावें आणि त्याच्याच मोबाइलवर चित्रण करून पाहावें. एक उत्तर अर्ध्या-पाऊण मिनिटांत संपावें. म्हणजे साठ-ऐंशीं शब्द झाले. तीनच गोष्टी निवडाव्या, त्यांतली मुख्य पहिल्याच उत्तरांत सांगून टाकावी, शेवटासाठीं राखूं नये. पाठांतर करूं नये. पाठ केलेलें बोलणें कोणासही ओळखूं येतें, आणि मध्येंच एक शब्द निसटला कीं सगळें उत्तर थांबतें. ज्याची माहिती नाहीं त्यास "हें मी करून पाहिलेलें नाहीं" असें उत्तर द्यावें. असें सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावर पाहणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो, असा आमचा अनुभव आहे.

मंडळी निघण्यापूर्वीं आपलें नांव, गांव व तालुका कागदावर सुवाच्य लिहून द्यावा, कारण पडद्याखालीं तेंच छापून येतें. भामरागडचें भंडारा झालेलें आम्हीं पाहिलें आहे. जे आंकडे सांगितले तेही त्याच कागदावर लिहावेत व एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी. कार्यक्रम दाखविला जाईल त्या दिवशीं ती प्रत हातांत घेऊन पाहावें. प्रमाणांत फरक आढळला तर त्याच दिवशीं केंद्रास पत्र किंवा संदेश पाठवून दुरुस्ती मागावी, आणि उत्तराची वाट न पाहतां खरें प्रमाण सोसायटीच्या गुदामाच्या भिंतीवर व गांवच्या मोबाइल-गटावर लावून टाकावें. पेरणीस मग उशीर असो वा नसो.